बातमीत ‘मी’ नसतो

सकाळी गॅसवर चहा ठेवला की मोबाईल कुरकुरायला लागतो. पायलचे मेसेज. पायल माझ्या शेजारच्या खोलीत राहते, नंदुरबारच्या याच चाळीत. माझ्यासारखीच आहे, पण वयाने निम्मी, आणि जगात लागलेला प्रत्येक शोध मला दाखवल्याशिवाय तिच्या गळ्याखाली घास उतरत नाही. “मावशी, आते मेंदूना फोटो काढीसन सांगतस म्हने, बाई शे का मानूस.” “दखा मावशी, जुनं हाड सापडनं, नुसता दातवरथीन वळखी काढं, बाईनं शे म्हनीसन.” मी म्हणते, मला जाळणार आहेत बये, राखेत दात शोधत बसा म्हणावं. मागे तिने एक नवीन यंत्र आणलं होतं मोबाईलमध्ये, चेहरा दाखवला की सगळं सांगणारं. तिने मला न विचारता माझा फोटो दाखवला. यंत्र म्हणालं, पुरुष, वय बासष्ट. “वय चुकनं मावशी,” पायल पटकन म्हणाली, आणि मग तिने जीभ चावली. मी हसले. पन्नाशी नुकती उलटली आहे माझी, पण आमच्यात पन्नाशी म्हणजे म्हातारपणच. यंत्राचं फार चुकलं असं मला तरी वाटलं नाही. राग येत नाही आता या बातम्यांचा. थकवा येतो. कारण बातमी चंद्राची असो की मेंदूची, फिरून फिरून आमच्यापाशी आली की ती एकच प्रश्न विचारते, आणि तो प्रश्न मला पहिल्यांदा एका पपईच्या झाडाने विचारला होता.

आमचं गाव ब्राह्मणपुरी, शहाद्याच्या अलीकडे-पलीकडे जी काळ्या जमिनीची गावं आहेत त्यातलं. घरात आबा म्हणजे वडील, माय, आणि नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेली आबांची बहीण, आमची फुई. धाकटा भाऊ होता, पण तो कायम कुठल्या तरी विहिरीत पोहत असायचा. उन्हाळा लागला की अंगणात गोणपाटावर लाल मिरचीचा ढीग पडे, घरची आणि भाऊबंदांची वर्षाची मिरची, आणि दुपारभर बायका देठ खुडत बसत. त्या ढिगाभोवती बसलेल्या माणसाला शिंकल्याशिवाय बोलता येत नाही. एक वाक्य, दोन शिंका, एक शिवी मिरचीला, मग पुढचं वाक्य. मी त्या बायकांत बसायचे. माझे हात लवकर चालत, देठ टचकन तुटे आणि बी सांडत नसे. फुई तेवढ्यावरून सुरू व्हायची, “दख वं, हाऊ पोऱ्या कसा बायासमा बठस!” माय मान वर न करता म्हणायची, “बठू दे वं बाई. हात चालतस त्याना.” मायला माझ्याबद्दल जे काही म्हणायचं होतं ते तिने आयुष्यभर या दोन वाक्यांतच म्हटलं असावं.

दुपारच्या एस.टी.ने शहाद्याहून पेपर यायचा. आबांना वाचता येई, पण ते चौथीपर्यंतचं वाचणं, बोट ठेवून, आणि पेपरातली मराठी त्यांना परक्या गावच्या पाहुण्यासारखी वाटे. आमच्या घरात सगळे अहिराणी बोलत. पेपरात, शाळेत आणि तहसील कचेरीत जी बोलतात तिला आबा ‘पेपरनी भाषा’ म्हणत. म्हणून जेवण झालं, कळण्याची भाकरी आणि घोटलेल्या उडदाच्या डाळीवर सगळे जरा सुस्तावले, की आबा खाटेवरून हाक मारत, “काय शे पेपरमा? वाची दाखाड.” आणि मी मिरचीचे हात राखेने चोळून पेपर उघडायचे. एक ओळ मनात वाचायची आणि अहिराणीत सांगायची. राजकारणाला आबा हात झटकत. त्यांना हवे असत शोध. कुठे केळीचं रोप बाटलीत वाढवलं, कुठे समुद्राच्या तळाशी आंधळे मासे सापडले, कुठे माणसाच्या छातीत दुसऱ्याचं काळीज बसवलं. फुई म्हणायची, मग तो माणूस कोणाच्या बायकोवर माया करणार? त्यावर अर्धी दुपार जायची.

मला त्या बातम्या का आवडत हे मला फार उशिरा कळलं. अहिराणीत ‘मी जास’ म्हटलं की झालं. जाणारी बाई असो की बाप्या, ‘मी जास’, ‘मी करस’, ‘मी खास’. झालेल्या गोष्टीबद्दल बोलताना ती भाषाही चौकशी करते, तो ‘उना’, म्हणजे आला, की ती ‘उनी’, म्हणजे आली. पण चालू घडीबद्दल ती कोणाला काही विचारत नाही. घरात म्हणून मला श्वास होता. शाळेचं फाटक ओलांडलं की पेपरची भाषा सुरू, आणि तिथे तोंड उघडायचं तर आधी दाखला द्यायचा: जातो की जाते? गुरुजींनी विचारलं, कुठे चाललास, तर मी म्हणायचे, “पाणी प्यायचं आहे.” काय करतोस? “अभ्यास चालू आहे.” जेवलास का? “जेवण झालं.” एकेक क्रियापद मी काट्यातून पाय टाकावा तसं टाकत असे. आणि शोधांच्या बातम्यांत ‘मी’ नसतोच. ‘असे दिसून आले आहे.’ ‘निष्कर्ष काढण्यात आला आहे.’ कोणी पाहिलं, कोणी काढला, तो होता की ती होती, काही नाही. इतकी निवांत जागा मला दुसरीकडे कुठेच मिळाली नाही. देवळातसुद्धा नाही.

मी दहावीला असताना आबांनी पहिल्यांदा पपई लावली होती. गावात पपई लावणाऱ्या पहिल्या दोघा-तिघांत ते होते आणि त्याचा त्यांना ताठा होता. पण पपईचं एक दुखणं असतं. रोप लहान असताना ते नर आहे की मादी हे कळत नाही. म्हणून एका खड्ड्यात तीन-तीन रोपं लावायची, खत-पाणी घालून महिनोन्‌महिने वाढवायची, आणि फुलं आली की ओळखायचं. लांब देठाचे झुपके लोंबले की तो नर. तो उपटायचा. परागासाठी शेतात मधूनमधून एखादा ठेवतात, बाकी सगळे बांधावर. आबांना ते उपटणं जड जाई. पोसलेलं झाड स्वतःच्या हाताने ओढताना ते त्याच्याशी बोलत. मी बांधावरून ते बोलणं ऐकलेलं आहे.

तर एका दुपारी बातमी आली. कुठल्याशा परदेशी विद्यापीठात पपईच्या कोवळ्या पानाचा तुकडा तपासून रोपाचं लिंग फुलाआधीच ओळखण्याची चाचणी शोधण्यात आली आहे. मी घाईत तो शब्द तसाच मोठ्याने वाचून गेले, पपईच्या रोपातील लिंग. फुईने हातातली मिरची खाली ठेवली आणि पदर डोक्यावर घेतला. “पपईमा महादेव निंघना?” तिने हात जोडले. तिच्या लेखी लिंग म्हणजे एकच, तळोद्याच्या वाटेवरच्या देवळातलं. माय हसता हसता शिंकायला लागली, शिंकता शिंकता रडायला लागली, मिरचीचे हात डोळ्याला लागले आणि एकच गोंधळ झाला. त्या गोंधळात आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी मला ती बातमी पुन्हा वाचायला लावली. मग पुन्हा. पानात असतं म्हणजे काय? रक्तासारखं? मी पाठ्यपुस्तकातलं आठवून सांगितलं की प्रत्येक पेशीत असतं, आधीपासूनच लिहिल्यासारखं, फक्त आपल्याला फूल येईपर्यंत दिसत नाही. मी बारावीला होते. माझ्या ओठावर लव आली होती आणि मी ती रोज आरशात बघून रडत होते.

दोन-तीन दिवस गेले. मग विहिरीवर मोटार चालू करून परत येताना, माझ्याकडे न बघता, आबा म्हणाले, “पपईनी तपासनी व्हस, ते मानूसनी बी व्हत व्हई ना?” मी म्हटलं, व्हस. खरं सांगते, त्या क्षणी मला आबांच्या पायावर लोळण घ्यावीशी वाटली. लोक त्यांना सांगत होते, पोराला भगताकडे ने, अंगात कोणीतरी आहे. कोणी म्हणे, लग्न लावून टाका, आपोआप सुटेल. आबांचा भगतावर विश्वास नव्हता. त्यांचा पेपरवर होता.

नाशिकला जायचं ठरलं. माय ऐकून घेत होती. चुलीवर डुबुकवड्यांची आमटी उकळत होती आणि तिने पळी तशीच हातात धरली होती. “नर निंघना ते तुम्ही काय करतस?” तिने आबांना विचारलं. आबांना कळलं नाही. “पपईनं म्हनस मी. नर निंघना ते उपटी फेकतस ना? मन्हं लेकरू काय पपई शे?” आबा चिडले. तू अडाणी आहेस, हा इलाजाचा मामला आहे, दोष कळला तर औषध मिळेल, असं बरंच बोलले. माय चुलीकडे वळली. जाताना तिने आम्हाला दशम्या बांधून दिल्या आणि माझ्या पिशवीत गुळाचा खडा टाकला. मला तेव्हा मायचा राग आला होता, कारण मला स्वतःला एक मिनिटही शंका नव्हती. नर निघण्याचा प्रश्नच कुठे होता?

नाशिकचे डॉक्टर वयस्क होते, मऊ आवाजाचे, पेपरच्या भाषेत बोलणारे. त्यांनी आबांना बाहेर बसवलं, मला तपासलं, चार प्रश्न विचारले. “काय शिकतोस?” बारावी चालू आहे. “कोणता विषय आवडतो?” जीवशास्त्र आवडतं. “घरी मदत करतोस?” मिरचीचं काम असतं. त्यांना काहीच जाणवलं नाही, आणि का जाणवावं? रक्त काढलं. ते पुढे मुंबईला जाणार होतं, निकालाला पुन्हा यायचं होतं.

तो वाट बघण्याचा काळ माझ्या तरुणपणातला सगळ्यात सुखाचा काळ. हे लिहितानाही मला हसू येतं आणि मग काही वेळ हात थांबतो. मला वाटत होतं, आतापर्यंत मी एकटी ओरडत होते, आता शास्त्र माझ्या बाजूने साक्ष देईल, आणि तेही त्या ‘मी’ नसलेल्या भाषेत: सदर व्यक्ती मुलगी असल्याचे दिसून आले आहे. त्यावर फुई काय बोलणार, गुरुजी काय बोलणार? मनातल्या मनात मी पेपरात छापून आलेली ती बातमी रोज वाचत होते. मी भावाशी भांडले नाही. मोठमोठ्याने गाणी म्हटली. आबाही खुशीत होते. ते समजत होते दोष सापडेल आणि गोळी मिळेल. एकाच खाटेवर बसून एकाच निकालाची वाट बघणारे आम्ही दोघं, आणि दोघांचे निकाल वेगळे. पायलच्या बातम्या बघताना मला कधीकधी तिच्या डोळ्यांत तेच दिसतं, ते वाट बघणं, आणि मी चटकन विषय बदलते. चहा पी म्हणते.

डॉक्टरांनी या खेपेला दोघांनाही आत बोलावलं. ते हसतमुख होते. “काळजीचं काही कारण नाही,” ते आबांना म्हणाले. “सगळं नॉर्मल आहे. मुलगाच आहे तुमचा.” आबांनी हात जोडले, पण त्यांचा चेहरा उजळला नाही; दोष नाही म्हणजे गोळीही नाही हे त्यांना त्याच क्षणी कळलं असावं. माझं काय झालं? काही झालं नाही. भिंतीवर एका औषधाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर बर्फाचा डोंगर होता, मी तो डोंगर बघत राहिले. शास्त्राने साक्ष दिली होती. ती माझ्या विरुद्ध दिली होती, इतकंच. डॉक्टर माझ्याकडे वळले, “तेव्हा मनातले विचार आता काढून टाकायचे. समजलं ना?”

‘समजलं’ एवढं म्हणून उठता आलं असतं. त्यात क्रियापदाला काही धोका नव्हता. इतकी वर्षं मी तशीच तर सुटत आले होते. पण आता कोणासाठी जपायचं होतं? माझ्या बाजूने बोलणारं जे एकच होतं ते बोलून चुकलं होतं. मी पेपरच्या भाषेत, अगदी हळू म्हणाले, “समजलं, डॉक्टर. पण मी मुलगी म्हणूनच आले होते, आणि मुलगी म्हणूनच परत जाते.”

जाते. माझ्या तोंडून तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा निघाला. डॉक्टरांनी चष्मा काढला. आबांनी मांडीवरची टोपी उचलली, झटकली, पुन्हा मांडीवर ठेवली. त्यांना पेपरची भाषा बोलता येत नव्हती, पण रोज दुपारी ती माझ्याकडून ऐकून त्यांना तिचे कानेकोपरे माहीत झाले होते. त्यांनी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

आम्ही परतीची एस.टी. धरली. धुळ्याच्या स्टँडवर उतरून त्यांनी भजी आणली, कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “खाय. थंडं व्हई जाई.” शहाद्याला उतरल्यावर म्हणाले, “मायले मी सांगस.” घरी माय दारातच उभी होती. आबांनी पायातले जोडे काढता काढता सांगितलं, “काहीच निंघनं नही.” मायने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन तवा चुलीवर टाकला. त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. पुढे त्या वर्षीच्या पपईला फुलं आली. आबा नर उपटायला लागले त्या दिवशी त्यांनी मला शेतात बोलावलं नाही, आणि फळं उतरायच्या आत मी घर सोडलं होतं. सुरतला गेले, तिथून बऱ्याच वर्षांनी नंदुरबारला. मधलं सगळं मला इथे सांगायचं नाही. साडी नेसले, साड्यांना फॉल-पिको करायला शिकले, आजही तेच करते.

मोबाईल आल्यावर आबा फोन करत. महिन्या-दोन महिन्यांनी. ‘काय करस? जेवस का टाईमवर? कव्हय येस?’ म्हणजे कधी येणार. एवढंच. सगळं चालू घडीचं. झालेल्या गोष्टीचं ते कधी काही विचारत नसत, आणि मी कितीदा फोन ठेवून विचार केला आहे की हा माणूस विचारतो कोणाला, पोऱ्याला की पोरीला? अहिराणीने त्यांनाही तोच आडोसा दिला होता जो मला दिला होता. त्यांच्या जागी मी असते तर मीही तिथेच लपले असते. पण थकायला व्हायचं. इतकी वर्षं दाराशी उभं राहून, आत या की जा हे न कळल्यासारखं थकायला व्हायचं.

माय गेली तेव्हा भावाने उशिरा कळवलं, मी बाहेरून नमस्कार करून आले. आबांच्या वेळी मात्र त्यांनीच बोलावून घेतलं. डोळे गेले होते, पाय सुजले होते, अंगणात तीच खाट. मी साडीत गेले. भावाची बायको पाणी ठेवून आत गेली. आबांनी हाताने चाचपून माझी बांगडी धरली, सोडली नाही. मग म्हणाले, “काय शे पेपरमा?” पेपर कोणी लावत नव्हतं आता घरात. मी पिशवीतून मोबाईल काढला, चष्मा लावला. पायलने सकाळीच पाठवलेलं होतं काहीतरी, चंद्रावरच्या अंधाऱ्या खड्ड्यांत बर्फ असावा असं दिसून आलं आहे. मी एक ओळ मनात वाचली, अहिराणीत सांगितली. मग दुसरी. आबा मान हलवत होते. “मंग तठे पपई व्हई का?” त्यांनी विचारलं, आणि आम्ही दोघं हसलो, त्यांना ठसका लागेपर्यंत.

संध्याकाळच्या बसची वेळ झाली. मी उठले, पदर सारखा केला, पिशवी खांद्याला लावली. आबांनी डोकं माझ्या आवाजाच्या दिशेने वळवलं. त्यांचे ओठ दोनदा हलले, चौथीतलं पोर पाठ म्हणायच्या आधी हलवतं तसे. मग पेपरच्या भाषेत, एकेक अक्षर वेगळं करत, ते म्हणाले,

“परत कधी येतेस?”

मी पिशवी खाली ठेवली. त्या दिवशीची बस गेली तशी गेली.